एकवीस घड्याळं, एक दार

नारायणराव सबनिसांची खुर्ची गेली ती एका सोमवारी सकाळी, आणि तिच्या जागी आला एक निळा चेंडू.

पोरं खेळतात तसला चेंडू नव्हे. हा गुडघ्याच्या वर येणारा, रबरी, टम्म फुगवलेला. त्याच्यावर बसून काम करायचं. त्यानं पाठीचा कणा सरळ राहतो म्हणे. उत्रोलीच्या भातगिरणीच्या कचेरीत सत्तावीस वर्षं हेडक्लार्की करून नारायणरावांच्या कण्यानं जो आकार घेतला होता, तो पुण्याहून आलेल्या शेफाली मॅडमना पसंत पडला नव्हता.

"बसा ना, काका," प्रद्युम्नशेठ म्हणाला. शेठचं वय एकतीस, पायात पांढरे बूट. नारायणराव त्याला तोंडावर अहो-जाहो करत आणि मनात अरे-तुरे.

नारायणराव बसले. चेंडू सरकला. नारायणराव टेबलाखाली गेले.

पाठीवर पोतं घेऊन चाललेला गेनू हमाल दारात थबकला आणि वाकून बघत म्हणाला, "सायेब, काय सांडलं काय? म्या शोधू?"

सांडली होती ती सत्तावीस वर्षांची अब्रू. पण ती काय गेनूला सांगायची?

हे सगळं सुरू झालं ते शेठ पुण्याच्या एका हॉटेलातल्या दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आल्यापासून. तिथं त्याला कळलं, की कर्मचाऱ्याच्या तब्येतीवर एक रुपया खर्चला की धंद्याला तीन परत येतात. मोठमोठ्या कंपन्या म्हणे माणसांना नाचायला लावतात, श्वास मोजायला लावतात, आणि नफा आपोआप वाढतो. नेमका कुणाचा श्वास आणि कुणाचा नफा, हे असल्या शिबिरात कुणी विचारत नाही. जेवण चांगलं असतं.

शेठनं आल्या आल्या नारायणरावांना बोलावलं. जुने व्यवस्थापक दिवाळीत निवृत्त झाले होते. त्यांची केबिन रिकामी होती. सागवानी दार, पितळी कडी, आणि दारावर जुनी पाटी काढल्याची चार भोकं.

"काका, हा कल्याण कार्यक्रम तुम्ही यशस्वी करून दाखवा. अक्षय तृतीयेला त्या दारावर तुमच्या नावाची पाटी."

नारायणरावांनी त्या चार भोकांकडे पाहिलं. भोकांनी नारायणरावांकडे पाहिलं. त्या दिवशी भोरला घरी गेल्यावर त्यांनी वहीच्या मागच्या पानावर 'ना. गो. सबनीस, व्यवस्थापक' असं अकरा वेळा लिहिलं. बारावं लिहिताना बायकोनं, म्हणजे नीरजाबाईंनी, पाहिलं.

"शाळेत शिक्षा झाली की काय?" त्या म्हणाल्या.

मग हा कार्यक्रम चालवायला शेठनं नेमलेल्या शेफाली मॅडम आल्या. बाई गोड बोलायच्या. इतक्या हळू, की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच आजारी आहोत. पहिल्याच दिवशी त्या ओढणी नाकाला लावून गिरणीच्या आत गेल्या आणि दोन मिनिटांत खोकत बाहेर आल्या. आत कोंडा उडतो. नारायणराव वर्षानुवर्षं आत पाऊल टाकत नसत, त्यांना शिंका येत. शेठ जात नसे, त्याच्या बुटांना कोंडा लागे. म्हणजे ज्या जागेत एकवीस माणसं दिवसभर श्वास घेतात तिथं ज्या तिघांना दोन मिनिटं उभं राहवत नाही, त्या तिघांनी बसून ठरवलं, की माणसांनी श्वास कसा घ्यावा.

आधी फॉर्म भरून घेतले. लिहून घ्यायला नारायणराव.

"गेनू, कामावर ताण येतो का?"

"येतो की."

"कुठल्या प्रकारचा?"

"पन्नास किलोचा. मानंवर."

नारायणरावांनी लिहिलं, 'मध्यम.'

तांदूळ निवडणाऱ्या नऊ बायकांची म्होरकी ठकुबाई. वय साठीच्या आसपास, आवाज गिरणीच्या भोंग्याइतका. तिला विचारलं, "आयुष्यात कशाची उणीव भासते?"

"दाराची."

"असं नसतं उत्तर, ठकुबाई. शांतता, समाधान, असं काहीतरी..."

"दार लागल्याबिगर शांतता कशी मिळंल, आण्णा? तुमीच सांगा."

प्रकरण असं होतं. गिरणीमागच्या बायकांच्या संडासाचं दार तीन वर्षांपूर्वी वळवाच्या वाऱ्यात उडून ओढ्यात गेलं. तेव्हापासून तिथं बारदान टांगलं होतं. वारा आला की बारदान उडे, आणि आतलीला एका हातानं बारदान धरून बाकीचं जग एका हातानं सांभाळावं लागे. म्हणून बायका सरळ गावात घरी जाऊन येत. जायला वीस मिनिटं, यायला वीस. ठकुबाईनं दारासाठी तीन अर्ज दिले होते. तिन्ही नारायणरावांनी नीट फाईलला लावले होते आणि तिन्हींवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'वरिष्ठांकडे सादर.' वरिष्ठांकडे सादर मात्र केले नव्हते. शेरा मारला की काम झालं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. अशा प्रामाणिक माणसांनीच हा देश चालवला आहे, म्हणून तो असा चालतो.

या खेपेला त्यांनी विषय काढला. शेफाली मॅडम हळूच म्हणाल्या, "दार हे बांधकामात येतं ना, सर. आपलं बजेट वेलनेसचं आहे. दारासाठी हेडच नाहीये. पण ध्यानकक्षासाठी आहे."

आणि रिकाम्या केबिनचा ध्यानकक्ष झाला. सागवानी दार पुसून घेतलं, आत चटई, उदबत्ती, पाण्यात सोडलेली दोन फुलं. ध्यानाला कुणी गेलं नाही. गेनू एकदा गेला, तो घोरत सापडला. पण नारायणरावांची खुर्ची कुठं गेली होती ते त्या दिवशी कळलं. ती ध्यानकक्षात होती, आणि तिच्यावर शेफाली मॅडम बसत. त्यांना चेंडू सोसत नव्हता.

मग आली घड्याळं. माणशी एक, रबरी पट्ट्याचं. पावलं मोजणार, नाडी मोजणार, झोप मोजणार, आणि सगळं शेठच्या मोबाईलवर. नियम एकच: कामाच्या वेळेत घड्याळ गिरणीच्या आत चालू पाहिजे. तशी नोटीस काढायला सांगितल्यावर नारायणरावांना दोन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. नोटीस काढणं ही त्यांची कला होती. खाली लाल शाईनं त्यांचं नेहमीचं वाक्य: 'उल्लंघन करणाऱ्याचा दिवस भरला जाणार नाही.'

पहिल्या आठवड्याचा अहवाल आला आणि शेफाली मॅडम पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या.

उत्रोलीच्या गिरणीतला कामगार दिवसाला सरासरी एक्क्याण्णव हजार पावलं चालत होता. नाडी सगळ्यांची एका सुरात. पुण्यातल्या कंपन्यांत, जिथं व्यायामाला यंत्रं आहेत आणि यंत्रांपुढं आरसे आहेत, तिथं माणूस सहा हजारांवर हाशहुश करत होता.

"ग्रामीण भागात निसर्गाची साथ असते," मॅडम म्हणाल्या.

आणि चमत्कार म्हणजे धंदाही वाढला. दिवसाला चाळीस पोती तांदूळ निघायचा, तो साठावर गेला. शेठ हवेत तरंगू लागला. शिबिरात सांगितलेलं शब्दशः खरं होत होतं.

एकच माणूस मागे होता. नारायण सबनीस: पावलं दोन हजार एकशे चाळीस. झोप अपुरी. ताण भरपूर. नारायणराव घड्याळ घालून झोपत, घालून जेवत, आंघोळीला तेवढं काढून देवघरात ठेवत. घड्याळ दर तासाला मनगटावर थरथरे आणि काचेवर अक्षरं उमटत: 'ऊठ, नारायण, चल.' गिरणीत त्यांना एकेरीत हाक मारणारा सत्तावीस वर्षांत हा पहिलाच, आणि तोही चीनहून आलेला.

शेजारचे चिमाजीआप्पा एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर तिकिटासारखा फाडून दिलेला सल्ला असे.

"नारायणराव, पावलं कमी पडत्यात? हात हलवत बसा. आमी तीस वर्सं गाडीत उभं ऱ्हायलो, एक पाऊल न चालता महाराष्ट्र फिरलो."

"चेंडूतली हवा थोडी काढा," त्यांनी आणखी एक फाडला. नारायणरावांनी काढली. दुसऱ्या दिवशी ते चेंडूवर बसले ते हळूहळू खाली जात दुपारी बारा वाजता जमिनीवर पोचले. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, साहेब नमस्कार घालतायत.

मार्चमध्ये एके दुपारी, एक वाजून दहा मिनिटांनी, पुण्यात बसलेल्या शेफाली मॅडमच्या पडद्यावर उत्रोलीचे एकवीसच्या एकवीस कामगार एका क्षणात निश्चल झाले. एक पाऊल नाही. हात हलत नाही. बाईंनी किंचाळून शेठला फोन केला, शेठनं भोरहून रुग्णवाहिका मागवली, आणि अर्ध्या तासात ती भोंगा वाजवत गिरणीच्या आवारात शिरली.

एकवीस जण चिंचेखाली भाकरी खात बसले होते.

"कोण मेलं वं?" ठकुबाईनं घास थांबवून विचारलं.

एवढ्या लांब आलेला डॉक्टर रिकामा कसा जाणार? त्यानं सगळ्यांचा रक्तदाब बघितला. एकवीसही ठणठणीत. मग त्याचं लक्ष दारात उभ्या असलेल्या, घामानं डबडबलेल्या नारायणरावांकडे गेलं. त्यांचा बघितला, पुन्हा बघितला, आणि म्हणाला, "यांना घ्या आत."

भर बाजारातून, भोंगा वाजवत, नारायणराव आडवे होऊन भोरात आले. ते घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. चिमाजीआप्पा शहाळं घेऊन हजर. कोपऱ्यावरच्या माऊली चहावाल्यानं दुकान अर्धं बंद केलं होतं. पूर्ण बंद करायला पक्की बातमी हवी म्हणून थांबला होता.

"काय केलंत?" नीरजाबाई म्हणाल्या.

"काही नाही. मी नुसता उभा होतो."

"तेच. चालायला नको का?"

मॅडमनी त्या निश्चल दुपारचा अर्थ लावला: 'सामूहिक गाढ विश्रांती. अत्यंत दुर्मीळ.' आणि अहवालाच्या शेवटी, लाल चौकटीत: 'एक कर्मचारी संपूर्ण गटाच्या आरोग्याला बाधक. सन्मानपूर्वक आरोग्यनिवृत्ती द्यावी.'

शेठ डोळे चुकवत म्हणाला, "काका, तुमच्या भल्यासाठीच. अक्षय तृतीयेला पुण्याची मोठी कंपनी येतेय. तीन हजार माणसांच्या उपाहारगृहाला वर्षभर आपला इंद्रायणी तांदूळ घेणार, पण गिरणीतली माणसं तंदुरुस्त आहेत की नाही ते बघून. त्यांच्यासमोरच शाल-श्रीफळ देतो तुम्हाला."

ज्या दिवशी पाटी लागायची, त्या दिवशी नारळ. नारायणराव चेंडूवर बसले आणि पडलेसुद्धा नाहीत. पडण्याइतकंही त्राण अंगात नव्हतं.

पण हिशेबी माणसाचं डोकं सरणावरही आकडेमोड करतं. एक्क्याण्णव हजार पावलं म्हणजे साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. म्हणजे ठकुबाई रोज उत्रोलीहून चालत निघून स्वारगेटला पोचून, आणखी पुढं जाऊन, शिवाय दिवसभर तांदूळ निवडते? नारायणराव उठले, नाकाला रुमाल बांधला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा गिरणीच्या आत गेले.

मोठी चाळणी धडधडत होती. तांदळातून कणी वेगळी काढणारी, खाटेएवढी, मिनिटाला शेकडो हिसके देणारी. तिच्या चौकटीला एक लोखंडी दांडी जोडलेली, आणि दांडीवर ओळीनं, वटवाघळांसारखी लटकलेली, जीव तोडून थरथरणारी एकवीस घड्याळं. प्रत्येकाच्या काचेवर नाडी दिसत होती. बाहत्तर. चाळणीची तब्येत उत्तम होती.

"ही फसवणूक आहे!" नारायणराव रुमालातून ओरडले आणि पाच वेळा शिंकले.

चाळणी चालवणारा हणमंत शांतपणे म्हणाला, "कसली फसवणूक? तुमचीच सही हाय."

त्यानं भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर शेजारी शेजारी दोन नोटिसा. एक चार वर्षांपूर्वीची, कुणाच्या तरी तांदळात बांगडीची काच सापडली तेव्हाची: 'तांदळाजवळ काम करताना हातात बांगडी, अंगठी, घड्याळ काहीही असता कामा नये.' दुसरी जानेवारीतली: 'घड्याळ कामाच्या वेळेत गिरणीच्या आत चालू असलेच पाहिजे.' दोन्हींखाली लाल शाई: 'उल्लंघन करणाऱ्याचा दिवस भरला जाणार नाही.' दोन्हींखाली ना. गो. सबनीस.

"हातात नको, पन आत पायजे," ठकुबाई म्हणाली. "मंग ठेवायचं कुठं? खुंटी हितंच व्हती. आमी दोनी कायदे पाळलं, आण्णा. तुमचा शब्द मोडला न्हाई."

"आणि साठ पोती?"

"ते काय झालं," हणमंत म्हणाला, "चाळणी थांबवली की शेठचा फोन यायचा, सगळी जनं का थांबली म्हनून. मंग म्या थांबवतच न्हाई. चहाला बी पाळीपाळीनं जातो. त्या दिवशी गिरणीची थ्री फेज लाईट गेली, तवा आली की तुमची ती गाडी."

नारायणराव पोत्यावर बसले. हे शेठला सांगावं तर दोन्ही सह्या आपल्या, कंपनी परत जाणार, एकवीस जणांचं काम जाणार. न सांगावं तर नारळ. त्यांनी मनगटाकडे पाहिलं. 'ऊठ, नारायण, चल.'

ठकुबाई हळू म्हणाली, "तुमचं बी अडकवा. जागा हाय. एका खुंटीनं काय व्हतंय?"

सत्तावीस वर्षांत खाडाखोड न केलेल्या माणसानं डोळे मिटून पट्टा सोडला.

"पन म्यानेजर झालात की पयली सही दाराची," ठकुबाई म्हणाली. "शेरा न्हाई. सही."

दोन दिवसांत नारायण सबनीस एक लाख चार हजार पावलांवर गेले. दांडीच्या टोकाला हिसका जास्त बसतो. मॅडम भारावल्या. लाल चौकट पुसली गेली. शाल-श्रीफळाऐवजी 'परिवर्तनाची कहाणी' सांगायला नारायणरावांनाच उभं करायचं ठरलं, आणि पाटी भोरच्या रंगाऱ्याकडे गेली.

अक्षय तृतीयेला कंपनीच्या सुलक्षणा मॅडम आल्या. खरेदीच्या प्रमुख, स्थूल, थकलेल्या, कुठल्याही चेंडूवर न बसणाऱ्या. कचेरीत मोठा टीव्ही लावला होता. त्यावर बावीस नावं, बावीस आकडे, भराभरा वाढणारे. नारायणराव माईकपुढं उभे राहिले.

"मी पहाटे उठतो," ते म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यानं आवाज चिरकत होता. "आणि चालतो. चालत राहतो. आत्तासुद्धा मला चालावंसं वाटतंय..."

आणि थ्री फेज गेली.

गिरणी थांबली. पण कचेरी सिंगल फेजवर. पंखा फिरत राहिला, टीव्ही चालू राहिला, माईकही. टीव्हीवरचे बावीस आकडे जागच्या जागी थिजले आणि थोड्या वेळानं शेवटच्या ओळीत अक्षरं आली: 'नारायण सबनीस: गाढ झोप.'

सुलक्षणा मॅडमनी टीव्हीकडे पाहिलं, मग माईकपुढच्या माणसाकडे.

"सबनीस, तुम्ही झोपला आहात?"

शेठ पुढं सरसावला, "नेटवर्कचा..."

"मी त्यांना विचारलं."

नारायणरावांनी खिडकीतून दिसणाऱ्या सागवानी दाराकडे पाहिलं. मग ओठ आवळून उभ्या असलेल्या ठकुबाईकडे. आणि त्यांचा सत्तावीस वर्षांचा साठलेला राग एकदम तोंडाशी आला.

"नाही, मॅडम. मी जागा आहे. आत्ताच झालोय. चला, तुम्हाला आमचा निरोगी कर्मचारी दाखवतो."

त्यांनी सगळ्यांना आत नेलं. चाळणी दाखवली, दांडी दाखवली, दोन्ही नोटिसा वाचून दाखवल्या, सहीसकट. शेठच्या बुटांवर कोंडा बसत होता, त्याला भान नव्हतं.

"म्हणजे माणसांच्या तब्येतीसाठी तुम्ही केलंत काय?" सुलक्षणा मॅडमनी शेठला विचारलं.

"ध्यानकक्ष," शेठ पुटपुटला.

"आनि आमी मागितलं व्हतं दार," ठकुबाई म्हणाली, आणि त्यांना मागं घेऊन गेली. वारा होता. बारदान उडत होतं.

बायका गावात घरी जाऊन येतात, हेही तिनं सांगितलं. सुलक्षणा मॅडमनी बारदान एका हातानं धरून पाहिलं. "गावात जाऊन यायला किती वेळ?"

"चाळीस मिंटं. दिसातनं दोन डाव. नऊ बायका."

मॅडमनी बोटांवर मोजलं. "म्हणजे रोज बारा तासांचं काम तुम्ही त्या दारावाचून घालवताय, शेठ. आणि पावलं मोजताय. तांदूळ चांगला आहे. दार लागल्याचा फोटो आला, की करारावर सही करते."

"दाराला तीन कोटेशनं..." शेठच्या तोंडून सवयीनं निघालं.

"दार आहे," नारायणराव म्हणाले. "हणमंत, पान्हा आण. त्या ध्यानकक्षाचं काढ."

काढ म्हणताना त्यांना चार भोकं दिसत होती. तरी म्हणाले. अर्ध्या तासात सागवानी दार पितळी कडीसकट संडासाला बसलं, आणि ठकुबाई आत जाऊन, कडी लावून, चांगली दहा मिनिटं कारण नसताना नुसती उभी राहिली. गिरणीतलं पहिलं आणि शेवटचं ध्यान तेवढंच.

करार झाला. शेठनं शब्द पाळला, पाळावाच लागला. नारायणराव व्यवस्थापक झाले, खुर्ची परत आली, केबिन मिळाली, फक्त तिला दार नव्हतं. येणारा-जाणारा आत डोकावून सल्ला देऊन जातो. चेंडू गेनूच्या घरी आहे. त्यावर त्याची म्हातारी आई पाय टेकवते.

पाटी आली सोमवारी. रंगाऱ्याच्या माणसाला सांगितलं होतं, सागवानी दार, चार भोकं आधीच पाडलेली, तिथं बसवून ये. तो भला माणूस चोख काम करून गेला. नारायणराव गिरणीमागं धावले तेव्हा पाटी उन्हात चकाकत होती. 'ना. गो. सबनीस, व्यवस्थापक.' भोकं बरोबर जुळली होती.

"हणमंत!" ते ओरडले. "पान्हा!"

आतून आवाज आला, "राहू द्या वं, आण्णा."

कडी वाजली. ठकुबाई बाहेर आली, पदरानं पाटीवरची धूळ पुसली.

"ट्रकवाली मानसं दार वाजवायची सारखी, कोण हाय, कोण हाय म्हनून. सकाळधरनं एकानं बी वाजवलं न्हाई. सायेब आत बसल्यात समजून लांबनंच जात्यात."

नारायणराव पान्हा हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी हळूच एक बोल्ट, जो जरा सैल दिसत होता, तो घट्ट आवळला.